दोन धर्मांच्या घरात रोजचे दिवस: आधी बोलून घ्यायच्या गोष्टी

आंतरधर्मीय लग्नाचा विचार करणारी तरुण जोडपी आमच्याकडे येतात तेव्हा घरच्यांचा विरोध कसा निवळेल, हा एकच प्रश्न त्यांच्या मनात असतो. प्रश्न मोठा आहेच. परंतु 16 वर्षांच्या संसारानंतर माझे मत असे झाले आहे की, अशा घरात खटके उडतात ते देवावरून क्वचित, आणि दोघांनीही मनाशी गृहीत धरलेल्या पण बोलून न दाखवलेल्या गोष्टींवरून फार वेळा. मी परळची, हिंदू. माझे पती माहीमचे, कोकणी मुसलमान. दोघांचीही गावे रत्नागिरी जिल्ह्यातली, दोघांच्याही घरी तांदळाची भाकरी आणि ओल्या नारळाचे वाटण, म्हणून आपल्यात वेगळे ठरवायचे ते काय, असे आम्ही समजून चाललो होतो. ती समजूत पहिल्या वर्षीच चुकीची ठरली.

सुरुवात नोंदणीपासून करावी. दोघांनाही आपापला धर्म कायम ठेवायचा असेल तर विशेष विवाह कायदा, 1954 हा सरळ मार्ग आहे. लोक त्याला ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात, पण हे लग्न न्यायालयात नव्हे, तर विवाह अधिकाऱ्यापुढे होते. दोघांपैकी एकाचे ज्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी किमान 30 दिवस वास्तव्य आहे, तेथे नोटीस द्यावी लागते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, हे पत्त्याचा पुरावा जोडताना ध्यानात ठेवावे. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागते, लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर नवी नोटीस द्यावी लागते.

यात एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमचे कायमचे वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तेथील कार्यालयातही लावली जाते. गावाकडे सावकाश सांगू, असे आम्ही ठरवले होते; माझ्या थोरल्या काकांना ती बातमी रत्नागिरीला कामानिमित्त गेलेल्या एका तिऱ्हाइताच्या तोंडून कळली. त्यांचा राग लग्नावर कमी आणि आम्ही त्यांना परके मानले यावर जास्त होता, आणि तो निवळायला चार वर्षे गेली. म्हणून ज्यांच्या नाराजीची भीती आहे पण ज्यांच्यापासून धोका नाही, अशा माणसांना नोटीस लागण्यापूर्वी स्वतः भेटून सांगावे. जेथे खरोखर मारहाणीचे किंवा डांबून ठेवण्याचे भय असेल तेथे हा सल्ला लागू नाही. तेथे आधी वकील गाठावा आणि पोलिसांकडे लेखी संरक्षण मागावे. शक्ती वाहिनी या संस्थेच्या याचिकेवरील 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांना संरक्षण देण्याबाबत पोलिसांना आणि राज्यांना स्पष्ट निर्देश दिलेले आहेत.

या कायद्याने लग्न केल्यावर वारशाचे नियमही बदलतात. दोघांचे धर्म वेगळे असताना हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने असे लग्न केले, तर ती अविभक्त कुटुंबापासून कायद्याने विभक्त झाली असे मानले जाते, आणि पुढे त्या दोघांच्या मालमत्तेला भारतीय वारसा कायदा, 1925 लागू होतो. मृत्युपत्र न करता पती गेला आणि मुले असतील तर पत्नीस एक तृतीयांश आणि मुलांना उरलेला वाटा मिळतो. राहते घर जोडीदाराकडेच राहावे असे वाटत असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र करून ठेवावे. सोसायटीत किंवा बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे काम झाले असे समजू नये; नामनिर्देशित व्यक्ती त्यामुळे मालक होत नाही.

मुंबईत भाड्याने घर शोधताना दोघांचीही पूर्ण नावे दलालाला पहिल्याच फोनवर सांगावीत. घर पाहून, पसंत करून, शेवटच्या क्षणी आडनावावरून नकार ऐकणे फार लागते. आम्ही ते दोनदा सोसले. करारावर दोघांचीही नावे घालावीत.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण माझ्या मते संसाराचा निम्मा निवाडा तेथे होतो. घरात काय येणार नाही, काय फक्त बाहेर खाल्ले जाईल, मटण कोणत्या दुकानातून आणायचे, संकष्टीला आणि श्रावणात चुलीवर काय चढेल, हे शब्दांत ठरवून घ्यावे; ‘तू बघ, मला काही चालते’ हे उत्तर स्वीकारू नये, कारण ते नंतर बदलते. पाहुण्यांचाही विचार त्यातच करावा. माझी आई आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा चहाला नको म्हणत राहिली आणि पाण्याचा पेला नुसताच हातात धरून बसली. सासूबाईंनी काही न बोलता वरच्या फळीवरून एक पातेले काढले, आईसमोर धरले आणि म्हणाल्या, “विहीणबाई, यात फक्त दूध तापते.” त्याच पातेल्यात त्यांनी चहा ठेवला आणि आईने तो प्यायला. ते पातेले आजही वेगळ्या खुंटीवर असते. याला कोणी विटाळ पाळणे म्हणेल; मी त्याला पाहुण्याचा संकोच ओळखणे म्हणते.

सणांच्या बाबतीत आम्ही प्रत्येक गोष्टीला एक प्रश्न लावतो: यात तू करणार, सोबत असणार, की दूर राहणार? माझ्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. पती मूर्ती आणायला येतात, मखर बांधतात, विसर्जनालाही असतात. पूजा करत नाहीत आणि आरतीच्या वेळी मागे शांतपणे उभे राहतात. एखादा नातेवाईक त्यांच्या हातात आरतीचे तबक देऊ लागला तर ते मी घेते, त्यांना नाही म्हणायला लावत नाही. मी नमाज पढत नाही, पण रमजानमध्ये सेहरीला उठून भाकरी गरम करून देते. इस्लामी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने त्यांचे सण ऋतूंमधून फिरत राहतात, तर आपल्या पंचांगात अधिक महिना येऊन मेळ बसतो. म्हणून दरवर्षी दोन्ही पंचांगे शेजारी ठेवून बसावे. 2012 साली श्रावण आणि रमजान जवळजवळ एकाच वेळी आले. श्रावणी सोमवारी संध्याकाळी मगरिबच्या अजानबरोबर ते खजुराने रोजा सोडत आणि मी त्याच टेबलावर वरणभाताने उपवास सोडत असे. 28 सप्टेंबर 2023 रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली तेव्हा मुंबईतील मुस्लिम मंडळींनी मिलादची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढली. घरातही तारीख अशीच एक दिवस पुढेमागे करता येते. कोणी करायची, हे मात्र आलटून पालटून ठरवावे.

नातेवाइकांना उत्तर ज्याचे त्याने द्यावे. माझ्या आत्याचे टोमणे मी थांबवायचे आणि पतीच्या चुलत भावाचे पतीने. सुनेने किंवा जावयाने उलट उत्तर दिले की विषय बाजूला राहतो आणि उद्धटपणाची चर्चा सुरू होते.

मुलांविषयीचे निर्णय बाळ येण्याआधी घ्यावेत: नाव, बारसे की अकीका (मुसलमानांमधील बाळाच्या जन्मानंतरचा विधी) की दोन्ही, जावळ, सुंता, शाळेच्या अर्जातील धर्माचा रकाना. बाळंतिणीच्या खोलीत दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसलेली असताना यातले काहीही शांतपणे बोलता येत नाही. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे. दोन धर्मांच्या मुलाची दोन्ही मुळे त्यामुळे एका ओळीत येतात, आणि नाव निवडताना ती संपूर्ण ओळ मोठ्याने म्हणून पाहावी.

शेवटचा विषय टाळावासा वाटतो, तरीही तो टाळू नये. दहन की दफन, कोठे, आणि विधी कोणी करायचे, हे दोघांनीही आपापल्या हाताने लिहून ठेवावे. कब्रस्तानाची व्यवस्था बहुधा जमात किंवा विश्वस्त मंडळाकडे असते, त्यामुळे तेथील नियम आधीच विचारून घ्यावेत. आमचे दोन कागद लग्नाच्या दाखल्याबरोबर एकाच पाकिटात आहेत, आणि ते कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहे हे माझ्या भावाला आणि माझ्या नणंदेला, दोघांनाही दाखवून ठेवले आहे.