व्हर्सायचा तह आणि जर्मनीची शस्त्रसज्जता: नवीन पोरांनी हा टॉपिक कसा वाचावा

हिस्ट्री ऑप्शनल नवीन घेतलेली पोरं हमखास विचारतात की जर्मन रिआर्मामेंटचं नेमकं करायचं काय, नोट्स तर ढीगभर होतात. माझं एकच सांगणं, १९३३ पासून सुरू करू नका. क्लासच्या नोट्समध्ये हिटलर आला आणि त्याने व्हर्सायचा तह (पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला) धाब्यावर बसवला एवढ्यात विषय उरकतात, आणि त्यामुळे आधीची सगळी गंमत हुकते.

मी एमएला असताना आधी तहाचा पाचवा भाग, म्हणजे कलम १५९ ते २१३, मुळातून वाचला होता. कंटाळवाणा आहे, पण आकडे तिथेच पक्के होतात. सैन्य १ लाख, त्यात अधिकारी जास्तीत जास्त ४ हजार, सक्तीची भरती बंद, रणगाडे नाहीत, पाणबुड्या नाहीत, विमानदल नाही. शिपायाने १२ वर्षं नोकरी करायचीच. ही अट का, तर दरवर्षी माणसं बदलून गुपचूप राखीव फौज तयार करता येऊ नये म्हणून. वहीत एका बाजूला कलम आणि समोर ते कधी, कसं मोडलं असं लिहीत जा, निम्मं काम तिथेच होतं.

मग १९२० चं दशक, आणि इथे वेळ घालवा. जनरल स्टाफ, म्हणजे युद्धाची आखणी करणारी सैन्याची मुख्य कचेरी, बरखास्त करायची होती, तर सेनाप्रमुख फॉन झेक्टने तेच काम ट्रुपेनाम्ट नावाच्या ऑफिसात चालू ठेवलं. १९२२ ला रशियाशी रापालोचा करार झाला आणि पुढे लिपेत्स्कला वैमानिक, कझानजवळ ‘कामा’ नावाच्या शाळेत रणगाडेवाले शिकायला लागले, तेही कम्युनिस्टांच्या देशात! पाणबुड्यांची डिझाइनं हॉलंडमधल्या एका कंपनीतून. आणि हे सगळं हिटलरच्या आधीच्या लोकशाही वायमार सरकारच्या काळात चाललेलं बरं का. दोस्तांचं तपासणी कमिशन १९२७ च्या सुरुवातीला उठूनच गेलं.

पैशाच्या भागाला पोरं घाबरतात, म्हणजे मेफो बिलं. आपली हुंडी डोळ्यासमोर आणा. क्रुप, सीमेन्ससारख्यांनी मिळून फक्त १० लाख मार्क भांडवलाची एक नावापुरती कंपनी काढली, शस्त्रं बनवणारे कारखाने तिच्यावर बिलं काढायचे आणि राइशबँक, म्हणजे जर्मनीची मध्यवर्ती बँक, ती वटवायची हमी द्यायची, म्हणजे खर्च होतोय पण बजेटमध्ये दिसत नाही. डोकं राइशबँकेचा अध्यक्ष शाख्तचं. १९३४ ते ३८ मध्ये सुमारे १२ अब्ज मार्क असे फिरले. एवढा एक पॅरा नीट लिहिलात तरी उत्तर बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसतं.

मार्च १९३५ ला लपवाछपवी संपली. आधी विमानदल आहे म्हणून सांगून टाकलं, मग १६ तारखेला सक्तीची भरती आणि ३६ डिव्हिजनची घोषणा. एप्रिलमध्ये ब्रिटन, फ्रान्स, इटली स्ट्रेसाला जमून निषेध करतात, आणि १८ जूनला ब्रिटन फ्रान्सला न विचारता जर्मनीशी नौदलाचा करार करून मोकळा, ब्रिटिश नौदलाच्या ३५ टक्के जहाजं बांधा म्हणे, पाणबुड्यांनाही परवानगी! माझ्या मते अख्ख्या टॉपिकमधली सगळ्यात महत्त्वाची तारीख हीच, कारण तह लादणाऱ्यानेच स्वतःच्या सहीने त्यातली कलमं मोडीत काढली. पोरं नेमकी ही तारीख विसरतात.

१९३६ चं र्‍हाइनलँड, म्हणजे तहाने सैन्य ठेवायला बंदी केलेल्या भागात जर्मन फौज घुसवली ते, थोडक्यात लिहा, त्यावर सगळेच लिहितात. त्याच वर्षीची चार वर्षांची योजना (जर्मनीला युद्धासाठी तयार करणारी, गोअरिंगच्या हाताखालची) मात्र वेगळी बसून वाचा, तिथे कच्चा माल, सिंथेटिक पेट्रोल आणि गोअरिंग-शाख्त भांडण येतं. ज्याने पैसा उभा केला तो शाख्तच आता खर्च आवरा म्हणत होता, कोणी ऐकेना, आणि १९३७ च्या नोव्हेंबरात त्याने अर्थमंत्रिपद सोडलं.