मुलांचे काइटसर्फिंग: पहिली तयारी नागपुरातच

मुलांना रामेश्वरम किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून सरकण्याचा खेळ) शिकवायचे असेल, तर त्याची बरीच तयारी नागपुरातच करता येते. 7-8 वर्षांच्या मुलाला आधी चांगले पोहता आले पाहिजे. त्यानंतर 1 ते 2 चौरस मीटरचा ट्रेनर काइट (सरावाचा छोटा पतंग), विजेच्या तारा आणि झाडांपासून दूरच्या मोकळ्या मैदानावर, मंद वाऱ्यात आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली हाताळायला द्यावा. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवणाऱ्या मुलाला वाऱ्याचा अंदाज असतो, पण हा काइट त्यालाच ओढून नेऊ शकतो, हे त्याला प्रत्यक्ष जाणवून द्यावे. पाण्यातील धडे साधारण 10-12 वर्षांनंतर, प्रशिक्षित शिक्षकाकडेच सुरू करावेत. वयापेक्षा वजन अधिक पाहावे, कारण हलक्या मुलाला तोच काइट अधिक सहज उचलतो. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे काइटची ओढ क्षणात तोडणारा क्विक रिलीज, आणि तो न पाहता, घाबरलेल्या अवस्थेतही चालवता येईपर्यंत जमिनीवरच सराव करून घ्यावा. हेल्मेट आणि तरंगते जाकीट किशोरवयातही अनिवार्य ठेवावे. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल, तर मुलाने कितीही हट्ट केला तरी त्याला पाण्यात उतरू देऊ नये.