मालवणला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

मालवणची सहल बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. लोक हॉटेल, गाडी, जेवण सगळं आधी ठरवतात आणि समुद्राला उरलेल्या वेळेत बसवायला बघतात. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, स्कूबा म्हणजे पाण्याखालची बुडी, देवबागचा नदी-समुद्राचा संगम, ताटातला मासा या सगळ्यांच्या वेळा भरती-ओहोटी आणि हवामान ठरवतं. म्हणून आधी समुद्राच्या वेळा बघायच्या, मग आपल्या.

चुकीच्या महिन्यात जाणं

मेच्या शेवटच्या आठवड्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक आणि पाण्यातले खेळ बंद होतात. सप्टेंबरपासून दर्या शांत होईल तसं हळूहळू सगळं सुरू होतं. जूनमध्ये येऊन "लांबूनच किल्ला बघितला" म्हणत परतणारे दरवर्षी असतात. पावसाळी कोकण बघायचंच असेल तर जरूर या, पण समुद्रात उतरायचा बेत सोडून या. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीवर बंदी असते. त्या दिवसांत ताटात येणारी सुरमई बहुधा बर्फातली असते.

पहिल्या भेटीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले मधले वार सगळ्यात चांगले. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते 31 डिसेंबर आणि 26 जानेवारीला जोडून आलेला शनिवार-रविवार टाळा. एक तारीख मात्र कुठल्याच छापील कॅलेंडरमध्ये आधी सापडत नाही, ती म्हणजे मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा. ती तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते आणि साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. त्या दोन-तीन दिवसांत लाखो भाविक येतात, गाड्या, खोल्या, रिक्षा काही मिळत नाही. खोलीचे पैसे भरण्याआधी घरमालकाला एवढंच विचारा, "जत्रेची तारीख लागली काय?"

मालवणचं तिकीट शोधत बसणं

मालवणला रेल्वे स्टेशन नाही. जवळचं स्टेशन कुडाळ, तिथून मालवण 30 किलोमीटरच्या आतबाहेर. कुडाळचं आरक्षण मिळालं नाही तर कणकवली, सिंधुदुर्गनगरी आणि सावंतवाडी हीसुद्धा बघा. मुंबई-मडगाव वंदे भारत कुडाळला थांबत नाही, तिच्यासाठी कणकवलीलाच उतरावं लागतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. पूर्वीचे 120 दिवस डोक्यात ठेवून बसलेले लोक अजूनही गोंधळतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात, तेव्हा जुन्या वेळेवर पुढची गाडी बांधू नका.

दुसरी चूक स्टेशनवर होते. एसटी स्टँड स्टेशनला लागून नाही, रिक्षाने जावं लागतं. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरणार असाल तर राहण्याच्या ठिकाणाहूनच रिक्षा किंवा गाडी सांगून ठेवा आणि परतीचीही त्याच वेळी पक्की करा. देवबागहून पहाटे रिक्षा अचानक मिळत नाही.

विमानाने येणाऱ्यांनी चिपी विमानतळावर आपल्या तारखेला विमान आहे का ते आधी बघावं, नाहीतर गोव्यातलं मोपा. तिथून मालवण रस्त्याने सत्तर-ऐंशी किलोमीटर. पुण्या-कोल्हापूरकडून स्वतःच्या गाडीने येणार असाल तर ज्या घाटातून उतरायचं तो चालू आहे का, याची चौकशी करून निघा आणि घाट उजेडात उतरा.

सगळं एकच समजून खोली घेणं

जाहिरातीत सगळ्यालाच "तारकर्ली" म्हणतात. मालवण शहरात बंदर, बाजार, खानावळी आणि किल्ल्याची जेटी पायी अंतरावर आहे. तारकर्ली तिथून सात-आठ किलोमीटर, लांबलचक शांत किनारा. त्याच रस्त्याने पुढे देवबाग, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे चिंचोळी पट्टी. देवबागचा रस्ता एकच आणि अरुंद. सुट्टीत समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. म्हातारी माणसं सोबत असतील आणि गाडी नसेल तर मालवणात राहा. लहान मुलं वाळूत खेळवायची असतील तर तारकर्ली. दोन रात्री नुसतं पडून राहायचं असेल तर देवबागसारखी जागा नाही.

"बीच टच" या शब्दावर विसंबू नका. फोनवर नेमकं विचारा: खोलीच्या दारातून वाळूपर्यंत किती पावलं, मधे रस्ता आहे का, गाडी आवारात लागते का, वीज गेली तर इन्व्हर्टर पंख्यापुरता तरी चालतो का. पैसे पाठवायच्या आधी पत्ता नकाशावर स्वतः शोधा आणि तिथे दिलेल्या नंबरवर फोन करून पडताळा. थोडी रोख जवळ असू द्या, देवबागच्या टोकाला रेंज गेली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

भरती-ओहोटी न बघता संगमावर जाणं

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक उंचवटा आहे, लोक त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. ओहोटीला तो छान उघडा पडतो, भरतीला बराचसा पाण्याखाली जातो. भर भरतीत पोचलात तर गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढायचा आणि परत यायचं, एवढंच हातात राहतं.

भरतीची वेळ काढायला कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आधी थोडी. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा तेच. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. ही मुंबईची वेळ झाली. मालवण दक्षिणेला असल्याने तिथे भरती त्याच्या आधी येते, अर्धा-पाऊण तास तरी आधी धरा. म्हणजे अष्टमीच्या सुमारास संगमाची होडी सकाळी दहा-अकराला ठरवायची, पौर्णिमेच्या सुमारास दुपारी चारनंतर. दर दिवशी वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. नेमक्या वेळेसाठी भरतीचं कोष्टक बघा आणि होडीवाल्याला "पाणी कधी सुकता?", म्हणजे ओहोटी कधी, असं विचारा. त्याचं उत्तर कोष्टकापेक्षा पक्कं.

संगमावर पोहायला उतरू नका, पाणी कितीही संथ दिसलं तरी. ओहोटी लागली की नदीचं आणि खाडीत शिरलेलं भरतीचं पाणी एकाच तोंडातून बाहेर पडतं, चांगला पोहणाराही त्या ओढीला टिकत नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, ही ओढ सगळ्यात जास्त.

तारकर्लीच्या उघड्या किनाऱ्यावरही एक गोष्ट डोळ्यांनी ओळखायला शिका. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस येतोय आणि मधल्या पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी गडद आणि गुळगुळीत दिसतंय, वाळू आत ओढली जातेय. पोहायला हीच जागा लोकांना शांत वाटते आणि पाणी बाहेर जातं तेही इथूनच. ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमछाक तिथेच होते. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला व्हा, मग आत या. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा.

स्कूबाच्या आधी तिखट न्याहारी

किल्ल्याजवळच्या पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्यांना साधारण पंधरा-वीस फुटांपर्यंत नेतात, प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो, त्यामुळे पोहता येत नसलं तरी चालतं. फसतं ते भलत्याच बारीक गोष्टींवर.

सकाळची पहिली फेरी घ्या. वारा दुपारनंतर वाढतो, पाणी ढवळलं की काही दिसत नाही. उधाणाच्या दिवसांतही पाणी गढूळ असतं. दोन तास आधी हलकं खा, दोन घावणे पुरे. रिकाम्या पोटी आणि भरल्या पोटी, दोन्ही वेळा होडीत मळमळतं. गाडी लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी अर्धा-एक तास आधी घ्यावी. आदल्या रात्री मद्य नको. सर्दीने नाक चोंदलं असेल तर बेत रद्द करा, कान मोकळे होत नाहीत आणि पडद्याला इजा होऊ शकते. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर उतरायचं नाही. फॉर्मवर हे लपवू नका.

मास्क लावताना कपाळावरचे केस आत अडकले की फटीतून पाणी शिरतं. मिशी जाड असेल तरी थोडं शिरतंच. खाली जाताना कान दुखायची वाट बघू नका. दर दोन-तीन फुटांवर मास्कवरून नाक चिमटीत धरून हळू फुंका. दुखलंच तर थोडं वर येऊन पुन्हा करा. श्वास तोंडानेच, आणि रोखून धरायचा नाही.

खुणा होडीतच पाठ करा. अंगठा आणि तर्जनीचं कडं म्हणजे "ठीक आहे". नुसता अंगठा वर म्हणजे "वर घेऊन चला". मजा येतेय म्हणून अंगठा दाखवला की प्रशिक्षक वर आणतो आणि फेरी संपते.

लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच घाला, सगळे बकल लावून. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक दगावले. जॅकेट नाही किंवा माणसं जास्त भरली, तर पैसे गेले तरी चढू नका. स्कूबानंतर विमान असेल तर मधे किमान 12 तास ठेवा, म्हणजे शेवटच्या सकाळी स्कूबा नको.

किल्ला तासाभरात उरकणं

सिंधुदुर्ग कुरटे बेटावर 48 एकरांत आहे. शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी त्याचं काम सुरू केलं. जुलै 2025 मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीतही गेला. होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात आणि तेवढ्यात तटावरून फेरी होत नाही. होडीत बसायच्या आधीच दोन तास हवेत असं बोलून घ्या, होडीचं नाव किंवा नंबर लक्षात ठेवा. दरवाजा असा वळणात दडवलाय की होडीतून नीट दिसतही नाही, तिथे थांबून तटाची वळणं बघा. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे नि पायाचे ठसे, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर, मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव या खाऱ्या पाण्यातल्या गोड्या विहिरी. सकाळची पहिली होडी, टोपी, माणशी एक लिटर पाणी. दुपारी तटाचा दगड तापतो.

सुरमई थाळीच मागणं

सगळे सुरमई-पापलेटच मागतात म्हणून तेच महाग आणि तेच आदल्या दिवसाचं असण्याची शक्यता जास्त. "आज ताजा काय गावला?" विचारा. बांगडा, पेडवे, तिसऱ्या (शिंपल्या), सौंदाळे यात मालवणी चव जास्त खुलते. थाळीचा दर तुकडीच्या आकारावर असतो, आधी तुकडी बघून दर ठरवा. घरगुती ठिकाणी राहत असाल तर रात्रीच्या जेवणाचं सकाळीच सांगा, कारण मासळी बाजारातून तेव्हाच येते. मासा स्वतः घेणार असाल तर कल्ला उघडून बघा, लालभडक हवा. बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला तर सोडून द्या.

दोन रात्रींचा बेत उलटा लावणं

पोचल्या दिवशी काही बांधू नका, संध्याकाळी मालवणातल्या चिवला बीच किंवा रॉक गार्डनवर सूर्यास्त बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा आणि ओहोटीच्या वेळेनुसार संगम. तिसऱ्या सकाळी पहिल्या होडीने किल्ला. वारा सुटून दुसऱ्या दिवशी होड्या बंद राहिल्या, तर तिसरी सकाळ हाताशी राहते. मात्र परतीची गाडी दुपारनंतरची घ्या आणि मालवणहून कुडाळला निघायला गाडीच्या वेळेआधी दोन तास धरा.