स्कायडायव्हिंग कसं शिकायचं आणि स्वतःचं पहिलं गिअर कसं निवडायचं

मी स्कायडायव्हिंग शिकले ते पेरिसला, फ्रान्सचं पॅरिस नाही, दक्षिण कॅलिफोर्नियातलं पेरिस, लॉस एंजेलिसहून गाडीने दीडेक तासावर. म्हणून इथे लिहितेय ती अमेरिकेतली पद्धत आहे, यूएसपीए या तिथल्या संघटनेच्या नियमांप्रमाणे. भारतात हरियाणात नारनौलजवळ टँडम उडी मारता येते, पण एकट्याने उडी मारायचं लायसन्स काढायला आपल्याकडची मंडळी बहुतेक थायलंड, दुबई, स्पेन नाहीतर अमेरिका गाठतात. नियम थोडेफार बदलतात, गिअर सगळीकडे तेच.

ओळखीतल्या पोरापोरींचे मेसेज येतात, ताई कुठलं पॅराशूट घेऊ? आणि अजून एकही उडी मारलेली नसते! तर पॅराशूट सगळ्यात शेवटी घ्यायचं, आणि घ्याल तेव्हा मोठं घ्यायचं. का, ते सांगते.

पायरी १: आधी एक टँडम

टँडममध्ये इन्स्ट्रक्टरला बांधून घेऊन उडी मारायची, तुमच्याकडे काम असं काहीच नसतं. पण विमानाचं दार उघडल्यावर आपलं काय होतं ते इथे कळतं, आणि ते कळल्याशिवाय दोन-तीन हजार डॉलरच्या कोर्सचे पैसे भरू नका. सर्दी असेल, कान चोंदले असतील तर त्या दिवशी जाऊच नका, खाली येताना हवेचा दाब भराभर वाढतो आणि कान-सायनस अक्षरशः ठणकतात. आदल्या दिवशी स्कूबा केलं असेल तरी नाही, मध्ये पूर्ण २४ तास जाऊ द्या. पट्टाया-फुकेतच्या ट्रिपमध्ये लोक दोन्ही लागोपाठ बुक करतात म्हणून मुद्दाम सांगतेय.

पायरी २: एएफएफ कोर्स

शिकायचे दोन-तीन रस्ते आहेत पण आता बहुतेक ठिकाणी एएफएफच चालतं, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल, पहिल्या उडीपासूनच इन्स्ट्रक्टरसोबत. पहिल्या दिवशी सहा-सात तास जमिनीवरच. विमानातून बाहेर कसं पडायचं, हवेत शरीर कसं ठेवायचं, पॅराशूट नीट उघडलंय का ते कसं ओळखायचं आणि नसेल तर काय करायचं. यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. टांगलेल्या हार्नेसमध्ये लटकवतात, वर बिघडलेल्या पॅराशूटचे फोटो दाखवतात आणि तुम्ही क्षणात ठरवायचं. बिघाड असेल तर आधी उजवीकडचं कटअवेचं लाल हँडल, त्याने मेन पॅराशूट सुटून जातं, मग डावीकडचं चंदेरी, त्याने रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, उघडतं. लाल, मग चंदेरी. मी आठवडाभर पोळ्या लाटतानासुद्धा हे म्हणत होते आणि हात तसे नेऊन बघत होते, तुम्हीही करा, कारण वर विचार करायला वेळ नसतो, हाताला सवय असावी लागते.

पहिली उडी साधारण १३,००० फुटांवरून. दोन इन्स्ट्रक्टर दोन्ही बाजूंनी तुम्हाला धरून असतात, वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो आणि ५,५०० फुटांवर तुम्ही स्वतः पॅराशूट उघडायचं. शरीर कसं ठेवायचं? शाळेत पीटीच्या तासाला केलेलं धनुरासन आठवा, फक्त पाय हातांनी धरायचे नाहीत, हात बाजूला मोकळे. पोट खाली, मान वर, आणि सगळ्यात अवघड म्हणजे अंग सैल. हवेत बोलता येत नाही म्हणून इन्स्ट्रक्टर खुणा करतात, दोन बोटं लांब केली की पाय ताण, अंगठा-करंगळी काढून हात हलवला की सैल हो, एकच बोट रोखलं की आत्ता उघड.

असे सात-आठ लेव्हल असतात. चौथीला एकच इन्स्ट्रक्टर असतो आणि तो हात सोडतो. मी चौथी दोनदा केली, माझा डावा पाय जरा दुमडलेला राहायचा आणि मी गोल फिरायला लागायचे. मग तिथल्याच विंड टनेलमध्ये (खालून जोराचा वारा सोडतात आणि त्यावर तरंगायचं) दहा मिनिटं घेतली, टनेलमधलं एक मिनिट म्हणजे जवळजवळ एका उडीइतका फ्रीफॉल, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीचं पडणं, त्यामुळे पाय कुठे आहे ते तिथे स्वस्तात कळतं. लेव्हल परत करावी लागली तर मनाला लावून घेऊ नका, खूप जणांना करावी लागते.

पॅराशूट उघडल्यावर रेडिओवरून सूचना मिळतात पण त्यावर विसंबू नका, रेडिओ बंदही पडतो. १,००० फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, ६०० वर आडवं वळण, ३०० वर वाऱ्याला तोंड करून सरळ, आणि मग जमीन दहा-बारा फुटांवर आली की दोन्ही टॉगल, म्हणजे हातातल्या दोऱ्यांच्या मुठी, खाली ओढून फ्लेअर, म्हणजे वेग मारायचा. पाय जोडलेले, गुडघे किंचित वाकलेले. वारा ताशी २२ किलोमीटरच्या वर गेला की विद्यार्थ्यांना वर सोडत नाहीत. मी एकदा शनिवार-रविवार दोन्ही दिवस नुसती बाकावर बसून काढलेत, चिडचिड झाली पण बसले, तुम्हीही बसा.

पायरी ३: २५ उड्या आणि ए लायसन्स

एएफएफनंतर एकेकट्या आणि कोचबरोबरच्या उड्या, सगळ्या मिळून किमान २५. पॅकिंग शिकावं लागतं, लेखी-तोंडी परीक्षा असते, मग ए लायसन्स, आणि बऱ्याच ठिकाणी कपाळावर ए चा शिक्का मारतात, मी तो दोन दिवस पुसला नव्हता. या सगळ्या काळात गिअर भाड्यानेच घ्यायचं. भाडं टोचतं खरं, पण याच काळात तुमची कॅनोपी (डोक्यावर उघडतं ते पॅराशूटचं कापड) मोठीवरून जरा लहान अशी दोन-तीनदा बदलते, आधीच विकत घेतलं असतं तर प्रत्येक वेळी विकत बसला असता.

पायरी ४: खरेदी, या क्रमाने

आधी आल्टिमीटर, म्हणजे मनगटावरचा उंची दाखवणारा मीटर. हा सगळ्यात आधी घ्या कारण तो प्रत्येक उडीला लागतो आणि गिअर कितीही बदललं तरी हाच राहतो. काट्याचा घ्यावा की डिजिटल? डिजिटल उड्यांची नोंद ठेवतो, पण त्यात आकडा वाचावा लागतो, काटा लाल पट्ट्याकडे चाललाय हे मात्र नुसती नजर टाकली तरी कळतं, म्हणून पहिल्या पन्नासेक उड्यांना मी काट्याचाच सांगेन. हेल्मेटमध्ये कानाशी बसवायचा बीप वाजवणारा ऑडिबलही मिळतो, तो नंतर, आधी मनगटाकडे बघायची सवय लागू दे.

मग हेल्मेट आणि गॉगल. डोक्याला घट्ट बसणारं पण कपाळ न दुखवणारं, दुकानात दहा मिनिटं घालून फिरा. पूर्ण तोंड झाकणारं दिसायला भारी असतं पण काच धुरकट होते, सुरुवातीला उघड्या तोंडाचं बरं. आणि त्यावर गोप्रो लावायचा मोह आवरा, कॅमेऱ्यासाठी यूएसपीए किमान २०० उड्या सांगते, कारण दोऱ्या त्यात अडकतात आणि लक्षही तिकडेच जातं.

जंपसूट वजनाप्रमाणे. हलक्या माणसाने अंगाबरोबरचा, गुळगुळीत कापडाचा घ्यावा नाहीतर बाकीचे खाली जातात आणि आपण वरच तरंगत राहतो (मी ५८ किलोची आहे, मला हे चांगलं माहितीय), वजनदार माणसाने जरा ढगळ. कपड्याचं टोक हँडलवर येता कामा नये हे दोघांनाही लागू. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ ला थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली होती, पण त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारली ती २००४ मध्ये, मधल्या वर्षांत शेकडो उड्या झाल्या होत्या. पहिल्या शंभरात कपड्यांचे प्रयोग नकोत.

पायरी ५: कॅनोपी किती मोठी

इथे थांबून नीट वाचा. २०२३ साली अमेरिकेत साधारण साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि १० माणसं गेली. वर्षानुवर्षं असे अपघात बघितले तर त्यातल्या बऱ्याच जणांचं पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं होतं, काही बिघाड नव्हता. जमिनीच्या फार जवळ जोरात वळले, किंवा स्वतःच्या अनुभवाला न झेपणारी लहान, वेगवान कॅनोपी डोक्यावर होती. म्हणून कॅनोपीचा साइझ हाच या सगळ्या खरेदीतला खरा निर्णय आहे, रंग आणि ब्रँड नंतर.

हिशोब सोपा. तुमचं वजन अधिक सगळं गिअर, पाउंडात. भागिले कॅनोपीचे चौरस फूट. येतं ते विंग लोडिंग. नवशिक्याचं १ च्या वर नको. माझे ५८ किलो म्हणजे १२८ पाउंड, गिअर २४ धरा, झाले १५२. मग १५२ ची कॅनोपी चालेल का? नाही! हलक्या माणसांना हे कोणी सांगत नाही. लोडिंग तेच असलं तरी लहान कॅनोपीच्या दोऱ्या आखूड असतात, ती जास्त झटकन वळते, वळणात जास्त उंची खाते, त्यामुळे ९० किलोच्या माणसाचं १ आणि माझं १ सारखं नाही. मी १७० घेतली, लोडिंग ०.९ च्या आसपास, आणि तीसुद्धा भाड्याच्या १९० वर भरपूर उड्या झाल्यावर.

एका ठिकाणी एका अनुभवी माणसाने मला त्याची जुनी १३५ विकायचा फार प्रयत्न केला होता, स्वस्तात देतो, दोन महिन्यांत तुला सवय होईल, मोठी घेतलीस तर पैसे फुकट. तेव्हा माझ्या ३२ उड्या झाल्या होत्या. मी जवळजवळ हो म्हटलं होतं, माझ्या इन्स्ट्रक्टरने ऐकलं आणि ती मध्ये पडली. आज तो प्रसंग आठवला की अजून राग येतो. आपल्याकडे शाळेचा युनिफॉर्म वाढत्या मापाचा घेतात ना, कॅनोपी तशीच घ्यायची. सेबर, सफायर, पायलट, स्पेक्टर अशा शांत स्वभावाच्या कॅनोपी जुन्या बाजारात खूप मिळतात, यातली कुठलीही मोठ्या साइझमध्ये चालेल.

पायरी ६: कंटेनर, रिझर्व्ह, एएडी

कंटेनर म्हणजे पाठीवरची बॅग आणि हार्नेस. व्हेक्टर, जॅव्हलिन, इन्फिनिटी ही नेहमी दिसणारी नावं. हे मात्र वाढत्या मापाचं अजिबात नको, अंगाबरोबर बसायला हवं. घालून, पट्टे आवळून, टांगून बघा. सैल हार्नेसमध्ये हँडल सरकतात आणि जिथे हात जायला हवा तिथे ती नसतात. प्रत्येक कंटेनरमध्ये ठराविक साइझच्याच कॅनोपी बसतात, आत्ता १९० आणि पुढे १७० दोन्ही मावतील असा बघा म्हणजे पुन्हा खर्च नाही.

रिझर्व्ह लहान घेऊन बॅग छोटी करायचा मोह अनेकांना होतो. नका करू. रिझर्व्हवर उतरायची वेळ येते तेव्हा आधीच काहीतरी बिघडलेलं असतं, जागा अनोळखी असते, कदाचित तुम्ही शुद्धीवरही नसता. मेनच्या जवळपासचा साइझ ठेवा. आरएसएल, म्हणजे मेन आणि रिझर्व्हला जोडणारी पट्टी, हवीच, कटअवे केल्यावर ती रिझर्व्हची पिन आपोआप ओढते.

एएडी म्हणजे छोटा कॉम्प्युटर, तुम्ही काहीच केलं नाही आणि साधारण ७५० फुटांवर अजूनही फ्रीफॉलच्याच वेगात असाल तर तो रिझर्व्ह उघडतो. सायप्रेस १९९१ मध्ये आलं, आता व्हिजिल, एम२ हेही आहेत. याच्यावर कंजुषी करू नका. विमानप्रवासात रिग (कंटेनर, पॅराशूट, एएडी असा सगळा संच) केबिनमध्ये न्या आणि एएडीबरोबर येणारं एक्स-रेचं कार्ड जवळ ठेवा, सिक्युरिटीला ते दाखवलं की समजावून सांगणं सोपं जातं.

पायरी ७: जुनं गिअर घेताना

नवी पूर्ण रिग आठ-दहा हजार डॉलरला जाते आणि ऑर्डर दिल्यावर महिनोन्महिने थांबावं लागतं, मला जुनी पाच हजारात मिळाली. पहिली जुनीच घ्या. पण विकणाऱ्याला थेट पैसे पाठवू नका. गिअर आधी रिगरकडे, म्हणजे पॅराशूट तपासणाऱ्या-पॅक करणाऱ्या माणसाकडे, मागवा, तुम्ही निवडलेल्या, विकणाऱ्याने सुचवलेल्या नाही. तो कापड, शिलाई, तीन रिंगांची जोडणी, दोऱ्यांची लांबी सगळं तपासतो. स्पेक्ट्राच्या दोऱ्या घर्षणाच्या उष्णतेने आखडतात आणि मग कॅनोपी एका बाजूला ओढते, नवा लाइनसेट टाकायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. एएडीची बनावटीची तारीख बघा, त्याला ठरलेलं आयुष्य असतं, दोनच वर्षं उरली असतील तर ते जवळजवळ फुकट धरूनच भाव करा. कंटेनर आणि रिझर्व्हचंही वय विचारा, बरेच रिगर २० वर्षांवरचं गिअर पॅकच करत नाहीत.

गिअर हातात आल्यावर पहिल्या चार-पाच उड्या एकट्याने, विमानातून बाहेर पडल्यावर लवकर उघडून, उंचावर. वर असतानाच फ्लेअर करून बघा, किती ओढल्यावर ती थांबते, वळताना किती उंची खाते, हे सगळं २,५०० फुटांच्या वर. आणि रिझर्व्हच्या कार्डावरची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा, अमेरिकेत दर १८० दिवसांनी रिगरकडून रिपॅक लागतं, सीझनच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांची तारीख एकदम संपते आणि रिगरकडे दोन आठवड्यांची रांग लागते, म्हणून फेब्रुवारीतच देऊन टाका.