नथीतला एकही मोती गोल नाही! डब्ल्यूपीएपी पोर्ट्रेट असं करा

परवा आजीचं व्हेक्टर पोर्ट्रेट, म्हणजे कॉम्प्युटरवर रेषा-आकार जोडून केलेला चेहरा, स्टेटसला टाकलं तर कॉलेजातले सात-आठ जण मागेच लागले, कसं केलंस कसं केलंस, प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

या स्टाईलला डब्ल्यूपीएपी म्हणतात, म्हणजे वेधाज् पॉप आर्ट पोर्ट्रेट. वेधा अब्दुल रशीद हे इंडोनेशियातले इलस्ट्रेटर, 'हाय' नावाच्या मॅगझिनसाठी चित्रं काढायचे. १९९०च्या सुमारास, चाळिशीला टेकता टेकता त्यांची नजर कमी व्हायला लागली, कातडीच्या बारीक शेड्स जमेनात, तर गडी थांबला नाही, त्याने चेहराच सरळ रेषांच्या सपाट तुकड्यांत मांडायला घेतला. शेडिंगमध्ये मी कायम मार खाल्लेला, त्यामुळे हे कळल्यावर माणूस एकदम आपलाच वाटला.

नियम कडक आहेत. वक्र रेषा नाही, ग्रेडियंट (एका रंगातून हळूहळू दुसऱ्यात जाणं) नाही, कातडीचा रंग नाही. पण नाक-डोळे जागचे हलता कामा नयेत, माणूस ओळखू आलाच पाहिजे.

मी इंकस्केप नावाचं चित्र काढायचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे. फोटो मोठ्या साईजचा घ्या आणि उजेड एका बाजूने पडलेला, समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत सावलीच नसते मग तुकडे पाडणार कशाचे? फोटो एका लेयरवर (म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांपैकी एकावर) टाका, ऑपॅसिटी निम्मी करा म्हणजे फोटो फिका दिसेल, हलू नये म्हणून लॉक करा, वर नवीन लेयर. मग डोळे बारीक करून बघा, खरंच सांगतोय, बारीकसारीक सगळं गायब होतं आणि उजेड-अंधाराचे चार-पाच पट्टेच उरतात, तेच आपले तुकडे. पेन टूलने फक्त क्लिक करत जायचं, क्लिक करून ओढलं की रेष वाकते. स्नॅपिंग चालू ठेवा म्हणजे शेजारचे कोपरे नीट चिकटतात.

सुरुवात डोळ्यांपासून. ते चुकले तर पुढची मेहनत पाण्यात. गालाला मोठे तुकडे चालतात, डोळ्यांपाशी बारीक लागतात. आजीच्या नथीने मात्र माझी पूर्ण संध्याकाळ खाल्ली, कारण मोती गोल आणि गोल तर काढायचा नाही! शेवटी प्रत्येक मोती षटकोनी केला, खालच्या दोन बाजूंना गडद तुकडा, वर एक पांढरा त्रिकोण, आणि लांबून बघितलं तर चक्क मोती दिसला.

रंगात सगळे घसरतात. निळा, गुलाबी, पोपटी काय हवं ते भरा, पण सावलीच्या जागी गडद आणि उजेडाच्या जागी फिकटच हवं. व्ह्यू मेनूत ग्रेस्केल आहे, दर थोड्या वेळाने तिथे जाऊन बघा, काळ्या-पांढऱ्यात चेहरा ओळखू आला तर रंग बरोबर. माझा पिवळा तिथेच पकडला गेला, भडक दिसतो म्हणून हनुवटीखाली भरला होता आणि ग्रेस्केलमध्ये आजीला पांढरी दाढी आली. नाकाच्या सावलीतला निळा मात्र टिकला, तरी आजी म्हणालीच, "सर्दी झालीय का रे मला यात?"

आणि हो, एक्सपोर्ट केल्यावर तुकड्यांमध्ये केसाएवढ्या पांढऱ्या फटी दिसतात. प्रत्येक तुकड्याला त्याच्याच रंगाची बारीक स्ट्रोक, म्हणजे कडेची रेष, द्या, नाहीतर सगळ्याच्या खाली चेहऱ्याच्या आकाराचा एक गडद तुकडा सरकवा.