कॉम्प्रेसर थरथरतो म्हणून पॅड बदलताय? या चुका टाळा

कॉम्प्रेसर थरथरू लागला की त्याच्या पायांखाली रबरी पॅड सरकवण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि तिथेच पहिली चूक घडते. यंत्राच्या कंपाची वारंवारता पॅडवरील यंत्राच्या नैसर्गिक वारंवारतेच्या (धक्का दिल्यावर ते ज्या वारंवारतेने आपोआप हलते तिच्या) सुमारे 1.4 पटीहून अधिक असेल तरच पॅड कंप अडवतो; एरवी तो उलट वाढवतो. मिनिटाला 600 फेरे घेणाऱ्या कॉम्प्रेसरचा मूळ कंप 10 हर्ट्झचा असतो, आणि तो अडवायला नुसती सुरुवात व्हावी यासाठीही आधार यंत्राच्या वजनाने सुमारे 5 मिलिमीटर दबावा लागतो. पातळ, कडक रबर तेवढे दबत नाही; अशा संथ यंत्राला स्प्रिंगचे आधार किंवा जड काँक्रीटचा पाया हवा. शिवाय स्प्रिंग बसवून डिलिव्हरीचा (दाबलेली हवा बाहेर नेणारा) पाइप मात्र ताठच ठेवला, तर कंप पाइपाच्या वाटेने भिंतीत शिरतो.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. यंत्राचा एखादा पाय खालच्या आधारावर नीट टेकलेला नसतो, तरीही बोल्ट आवळून तो बळेच खाली बसवला जातो. त्यामुळे सांगाडा पिळवटतो आणि कपलिंगची (मोटर आणि कॉम्प्रेसरचे दांडे जोडणाऱ्या भागाची) सरळ रेषाही बिघडते. यंत्र बंद करून वीजपुरवठा तोडल्यावर यंत्राच्या एकेका पायाला डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे उपकरण) टेकवावा, एका वेळी एकच बोल्ट सैल करावा आणि काटा पाहावा. पाय 0.05 मिलिमीटरहून अधिक उचलला गेला, तर त्याखाली मोजून शिम (धातूची पातळ पट्टी) घालावी; पाय तिरका टेकत असेल तर सपाट शिम पुरेशी ठरत नाही.

कंप मोजताना फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारता दिसली की कपलिंगला दोष देण्याची सवय असते. पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये मात्र हा कंप पिस्टनच्या मागेपुढे जाण्यातूनच येतो, त्यामुळे यंत्र सुस्थितीत असतानाची नोंद हाताशी नसेल तर हे निदान फसते.

आवाजाचे म्हणाल, तर घुमणारा खोल आवाज अनेकदा सक्शनच्या, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या, तोंडातून येतो आणि तिथे सायलेन्सर लागतो. त्याऐवजी यंत्राभोवती बंद पेटी उभारली आणि हवा खेळती ठेवली नाही, तर तापमान वाढून तेलाचे आयुष्य घटते. टकटक मात्र झाकू नये. व्हॉल्व्हची पट्टी तुटली असेल तर त्या व्हॉल्व्हचे झाकण इतरांहून अधिक तापते. ते हाताने न चाचपता तापमापकाने तपासावे, आणि उघडण्यापूर्वी आतला सगळा दाब सोडावा.