घाटात मोबाईल पिशवीत ठेवा

परतवाड्याहून चिखलदऱ्याले घरचे सगळे मिळून निघाले ना, तर घाट लागला की मोबाईल पिशवीत टाका, पोरायचे पण, तसंही वळणावर स्क्रीन पाहून मळमळते. मग नाकाने श्वास घ्या अन् तोंडाने हळूहळू सोडा, सोडायले घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे, जीव खरंच शांत होते. पोरायले विचारा, आत्ता कशाचा वास येते? मार्च-एप्रिलात मोहाचा गोडसर, पावसाळ्यात ओल्या पाल्याचा. खिडकीची सीट आजीले द्या, तिले झाडं ओळखता येतात, पोरं आपोआप तिच्याकडे वळतात. कोणी चिडलंच तर समजावत बसू नका, पाणी द्या अन् घशातून उतरताना कसं वाटते तेवढंच विचारा. गाडी चालवणाऱ्यानं मात्र नजर रस्त्यावरच ठेवावी, वळणं लय अवघड आहेत.